रुमालाची मागची बाजू

“भाऊ, पुढच्या रविवारपासून मी रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहत जाईन,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे तुम्हाला मधेच तो रुमाल उलटा करायला नको. तुमची उगाच गडबड होते.” एवढं बोलून त्यांनी पिशवी खांद्याला लावली, चर्चच्या बाजूच्या तीन पायऱ्या गुडघ्यावर हात ठेवत उतरल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या. आवाजात ना टोमणा, ना रुसवा. बसमध्ये थोडं सरकून ‘बसा’ म्हणणारं माणूस ज्या सुरात बोलतं, त्या सुरात त्या बोलल्या होत्या. चष्मेवाला एका हातात रिकामा प्याला आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन दारात उभा राहिला. आधी त्याला नीटसं कळलंच नाही. मग कळलं, आणि कान तापले. त्याने हातातल्या रुमालाकडे बघितलं. घडी घातलेल्या पांढऱ्या कापडावर द्राक्षारसाचे फिकट लाल डाग एकात एक मिसळून गेले होते, दर रविवारी असतात तसेच. त्याने घडी न मोडता रुमाल उलटा केला. मागची बाजू कोरी होती. फक्त मधोमध एक डाग होता, एकच, चांगला जोर लावून पुसल्यासारखा. त्याने रुमाल झटकन मुठीत आवळला. बघत तर कोणीच नव्हतं. ऑर्गन वाजवणारी मुलगी वह्या गोळा करत होती आणि पाळकसाहेब फोनवर कोणाला तरी ‘हो हो, येतो ना’ म्हणत होते.

अकरा वर्षं तो प्रभुभोजनाच्या वेळी प्याला धरत होता. आठवडाभर चष्म्याचं दुकान आणि रविवारी हे. पाळक भाकरीचा तुकडा देतात, तिथून दोन पावलांवर तो उभा असतो. माणूस समोर आलं की ठरलेलं वाक्य म्हणायचं, प्याला ओठाशी न्यायचा, घोट घेऊन झाला की रुमालाने काठ पुसायचा, प्याला चतकोर फिरवायचा आणि पुढच्याला द्यायचा. साठ-सत्तर माणसं, प्याला एक. वाक्य सगळ्यांना सारखंच, आणि त्यात ‘तुझ्यासाठी’ असा शब्द येतो. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना तोंडावर ‘तू’ म्हणायची मुभा असलेली जगातली ही एकच जागा, असं तो गमतीने म्हणत असे. हे काम त्याला शिकवलं होतं एका म्हाताऱ्या घंटावाल्याने. चर्चची घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि येईल त्याच्या चुका काढायच्या, हे त्या म्हाताऱ्याचं आयुष्य. त्याने साध्या पाण्याने भरलेला प्याला घेऊन तीन संध्याकाळी तालीम करून घेतली होती. म्हणायचा, “ओठ पुसायचे नाहीत रे, थेंब पुसायचा. खाली सांडू नये म्हणून. तू लोकांची तोंडं पुसायला उभा नाहीस.” तेव्हा चष्मेवाल्याला यात काय एवढं शिकवायचंय असं वाटलं होतं. काचा पुसण्यात त्याची हयात गेली होती. पुसणं त्याच्या हाताला कोणी शिकवायची गरज नव्हती.

घरी चालत जाताना त्याला पहिल्यांदा आला तो राग. कशाला लपवा. मोठी आली सांगणारी, असं त्याच्या मनात चक्क आलं, आणि त्यातला एकेरी प्रयोग त्याला स्वतःलाच ऐकू गेला. मग त्याने आपली बाजू मांडायला सुरुवात केली. समोर कोणी न्यायाधीश नसला की माणूस वकिली फार जोरात करतो. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत वाचनाच्या पाळ्या लावताना कोणीतरी खाकरत म्हणालं होतं, की शवागारात काम करणाऱ्या बाईंनी उभं राहून शास्त्रपाठ वाचला तर म्हणजे, आमचं काही नाही, पण काही लोकांना. तेव्हा उठून कोण बोललं होतं? ‘देवाच्या घरी कामावरून माणूस मोजायचा असेल तर सुताराच्या मुलाला आपण कुठे बसवलं असतं?’ हे कोण म्हणालं होतं? टाळ्या पडल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी बाहेर येऊन हात हातात घेतला होता. मावशी तेव्हापासून महिन्यातून एकदा पाठ वाचत, अडखळत, पण खणखणीत. एवढं करून वर हे ऐकायचं. आणि रुमाल उलटा होत असेल एखादे वेळी. त्यात काय? दुकानात तो दिवसातून दोनशे वेळा फडकं उलटं करतो. हाताची सवय ती. हात काय विचारून करतो? इथे तो रस्त्याच्या कडेला थांबला, कारण हे शेवटचं वाक्य त्याच्याच बाजूचं होतं की नाही, हे त्याला सांगता येईना.

रविवारी दुपारी रुमाल धुणं हे त्याच्या बायकोचं काम. त्याचीही रीत होती. आधी साध्या पाण्यात भिजवायचा, ते पहिलं पाणी, पवित्र द्राक्षारसाचा अंश गटारात जाऊ नये म्हणून, मोरीत न ओतता दारातल्या कुंडीत घालायचं आणि मग साबण. ती मोरीपाशी बसली तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तो असा कधी उभा राहत नसे. जेवण झालं की रविवारी तो आडवा होई आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागे.

“काय हवंय?” तिने मागे न बघता विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणत माणूस मोरीशी उभा राहत नाही. बोला.”

“त्या रुमालाच्या मागच्या बाजूला,” तो म्हणाला आणि थांबला. “मागच्या बाजूला डाग असतो का गं? नेहमी?”

तिचे हात थांबले. नळ तेवढा चालू राहिला. “एक असतो,” ती म्हणाली.

“कोणाचा असतो ते ठाऊक आहे?”

“अहो, मी तुमच्या समोर चौथ्या बाकावर बसते. आंधळी नाही. तुम्हीच चष्मा करून दिलाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, जाईल आपोआप. माणसाला एखादी गोष्ट लागते, मग निवळते. मग ती तुमच्या सवयीची झाली, आणि माझ्याही.” तिने नळ बंद केला. “खरं सांगू? मीसुद्धा तो मागचा डाग जरा जास्तच चोळते. कोणी सांगितलं नव्हतं मला.”

कुठेतरी शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. मग त्याने विचारलं, आणि उत्तर काय येणार हे विचारताना त्याला खरोखरच माहीत नव्हतं. “कधीपासून?”

“आई गेल्या ना,” बायको म्हणाली, “त्याच्या पुढच्या रविवारपासून.”

त्यानंतर तो आडवा झाला, पण झोप कसली. छताच्या पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं आणि त्याच्यामुळे दर फेऱ्याला बारीकसा टक् असा आवाज होई. तीन वर्षांपूर्वी हाच आवाज ऐकत आई याच खोलीत दोन महिने पडून होती आणि ‘तो पंखा तरी बंद करा’ म्हणत होती, कारण तिला कायम थंडी वाजायची. उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे. रुग्णालयात नेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. कागदपत्रं होईपर्यंत तिला खाली नेलं होतं आणि कपडे घेऊन तो एकटाच खाली गेला, लांबच लांब पिवळ्या भिंतींच्या बोळातून, जिथे वरच्या मजल्यावरचा औषधांचा वास संपतो आणि दुसरा सुरू होतो. दार अर्धं उघडं होतं. आत मावशी होत्या. तोवर तो त्यांना फक्त चर्चमधल्या म्हणून ओळखायचा, निळ्या किनारीच्या, मधल्या बाकावरच्या. इथे त्यांच्या अंगात रबराचा एप्रन होता आणि त्या विजेच्या किटलीतलं पाणी बादलीत ओतत होत्या. त्यांनी पाण्यात कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या वेळी बघतात तसं. “भाऊ, आईंना थंडी फार वाजायची का हो?” त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. त्यांनी किटलीतलं आणखी थोडं ओतलं. मग म्हणाल्या, “भांग कुठल्या बाजूला पाडायच्या?” हे त्याला सांगता येईना. चाळीस वर्षं तो आईच्या समोर जेवायला बसला होता आणि तिचा भांग उजवीकडे की डावीकडे हे त्याला आठवेना. मावशींनीच तिचे केस बोटांनी चाचपले आणि म्हणाल्या, “डावीकडे. केस सांगतात.” त्यांनी फडक्याची घडी घातली. चेहऱ्याला एक घडी, हातांना दुसरी, पायांना तिसरी. “हात वर घेते हं, आई,” असं म्हणून हात वर घेतला. तो दारातच ढसाढसा रडला. बाहेर आल्यावर त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, “मावशी, हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.” हे त्याने मनापासून म्हटलं होतं. हे सगळं त्याला नीट आठवत होतं, इतकं की पुढे कित्येकांना त्याने ही गोष्ट सांगितली होती, कोपराची, भांगाची, आणि सांगताना दरवेळी त्याचा गळा भरून यायचा. नंतरचा रविवार मात्र त्याला आठवत नव्हता. चार दिवसांनी त्याच मावशी रांगेतून त्याच्यासमोर आल्या असणार, त्यांनी घोट घेतला असणार, आणि त्याच्या अंगठ्याने रुमाल पलटला असणार. ज्या हातांनी आईला शेवटची आंघोळ घातली ते हात त्याने धरले होते, आणि बरोबर त्याच कारणाने त्या ओठांनंतरचा काठ त्याला वेगळा पुसावा लागला होता. म्हणजे उपकार फेडले म्हणायचे. दर रविवारी एक, न चुकता.

सोमवारी दुकानात त्याने आपल्या हातांवर नजर ठेवायला सुरुवात केली. हे काम फार वाईट. मांजर जसं आपल्याच घरात चोरपावलांनी फिरतं, तसे स्वतःचे हात परक्यासारखे दिसू लागतात. गिऱ्हाईक आलं, फ्रेम निवडली, की ती त्याच्या नाकावर ठेवून काड्या कानांमागे बसवणं हे तो स्वतः करतो. दोन्ही हातांच्या बोटांनी कानाच्या मागची जागा चाचपायची, काडी जास्त दाबत नाही ना ते बघायचं. यात त्याचा हातखंडा. लोक म्हणतात, याच्याकडचा चष्मा घातलाय हे विसरायला होतं. सोमवारी एक शिक्षक आला, एक गाडी चालवणारा आला, एक बाई तिच्या सासऱ्यांना घेऊन आली. त्या सासऱ्यांच्या कानांमागे मळाचा थर होता. बोटं न अडखळता गेली. त्याला हायसं वाटलं. बघा, आपण तसे नाही. आणि मग त्याला आठवलं की दीड वर्षापूर्वी मावशी चष्म्याला आल्या होत्या. आठवायला काही कारण नव्हतं, आठवण आपली चालत आली, दाराची घंटी वाजवून. त्यांनी एक तपकिरी फ्रेम निवडली होती. आणि त्याने ती काचेच्या छोट्या तबकात ठेवून त्यांच्यापुढे सरकवली होती, “घाला बघू, कशी बसते.” त्यांनी स्वतः घातली. “बसते,” त्या म्हणाल्या. ती बसत नव्हती. डावी काडी किंचित वर राहत होती, ते त्याला काउंटरच्या पलीकडूनही दिसत होतं. अजूनही पाठ वाचताना मावशी चष्मा डाव्या बाजूने सारखा खाली दाबतात. तीन आठवड्यांपूर्वीच तो बायकोला म्हणाला होता, वयोमानाने माणसाला चाळे लागतात बघ.

तेव्हा त्याने हातातली काच खाली ठेवली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी सरळ लाज, पोरवयात खोटं पकडलं गेल्यावर वाटते तशी. वाईट माणसाला निदान आपण वाईट आहोत हे ठाऊक असतं. इथे अकरा वर्षं त्याला वाटत होतं की आपण प्याला धरणारे. आणि आता पुढचा रविवार होता. मावशी शेवटी येणार. शेवटी आल्या तर त्यांच्यानंतर कोण, हा विचार त्याला तिथे स्टुलावर सुचला. प्याल्यात उरलेलं सांडायचं नसतं, ते प्याला धरणाऱ्याने संपवायचं असतं. म्हणजे त्यांच्यानंतर तो. मधे कोणी नाही. त्यांना हे माहीत असेल का? मुद्दाम तर नाही? छे. मावशींना असलं मुद्दाम करता येत नाही. मुद्दाम करणं ही त्याच्यासारख्यांची कला. मग हळूहळू त्याच्या मनात एक बेत आकाराला आला, आणि तो त्याला इतका सुंदर वाटला की लाज बरीचशी ओसरली. त्या शेवटी येतील. त्या घोट घेतील. तो पुसणारच नाही. रुमाल बाजूला ठेवील, सगळ्या मंडळीसमोर, आणि त्यांचे ओठ लागले त्याच जागी ओठ लावून उरलेलं पिईल. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी येईल, हेही त्याला दिसलं. मनुष्य लाजेतून बाहेर पडायला शिडी शोधतो आणि ती सरळ व्यासपीठावर जाऊन लागते.

गुरुवारी दुपारी दुकान बंद करून तो रुग्णालयात गेला. बोळ तोच, भिंती आता फिकट हिरव्या केल्या होत्या. दार अर्धं उघडं. “भाऊ, तुम्ही?” मावशी म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. “घरी कोणी?”

“नाही, नाही. सगळे ठीक. तुमच्याशीच बोलायचं होतं.”

“मग थांबा जरा. याचं आवरते. सकाळी आलाय रस्त्यावरून, नाव नाही, गाव नाही. पोलीस संध्याकाळी न्यायला येतील.”

तो दारातच थांबला. फळीवर एक माणूस होता, दाढी वाढलेला, तळपायांना भेगा. किटली शिट्टीसारखा आवाज करून बंद झाली. मावशींनी बादलीत गरम पाणी ओतलं, गार ओतलं, कोपर बुडवून बघितलं, आणखी थोडं गरम घातलं. फडक्याची घडी घातली. “दादा, मान वळवते हं,” असं त्या माणसाला म्हणाल्या आणि मान वळवली. चेहऱ्याला एक घडी, हातांना दुसरी. चष्मेवाला बघत राहिला. आईच्या वेळी त्याला वाटलं होतं की हे आईसाठी आहे. त्याची आई म्हणून, चर्चमधली ओळख म्हणून. गोष्ट सांगताना तो तसंच सांगायचा, ‘आमच्या आईला त्यांनी’ असं. त्या माणसाच्या कपाळावरचे केस मावशींनी बोटांनी चाचपले आणि डाव्या हाताने भांग पाडला.

“त्याला काय कळणार आहे पाणी गरम की गार?” तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे काय विचारलं आपण.

“त्याला नाही कळत. मला कळतं ना,” मावशी म्हणाल्या. “आणि आपल्याला काय शिकवलंय, देवाने माणूस आपल्या रूपाचा केला. मग त्याच्या रूपावर बर्फासारखं पाणी ओतायचं, बरं दिसतं का ते?” त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली, हातमोजे काढले, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले आणि बाहेर बोळातल्या बाकावर येऊन बसल्या. “बोला.”

त्याने पाठ करून आणलेली वाक्यं होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. “ते रुमालाचं,” तो म्हणाला, “आई गेल्यापासून होतंय ते. मला ठाऊक नव्हतं. शपथ.”

“मला ठाऊक होतं.”

“तीन वर्षं?”

“पहिल्याच रविवारी दिसलं. म्हटलं, आई गेलीय माणसाची. मला बघितलं की त्यांना ही फळी दिसत असणार. जाईल.” त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. “मी इथे लागले तेव्हा सहा महिने चमच्याने जेवत होते. माझाच हात, पण माझ्या तोंडाशी येईना. त्यामुळे तुमचं नवल नाही वाटलं मला.”

“मग आता का बोललात?”

पलीकडून एक स्ट्रेचर कुरकुरत गेलं. “ती नवीन नर्स मुलगी येते ना चर्चला, दोन महिने झाले. गेल्या वेळी ती माझ्या मागेच होती. नंतर मला बाजूला घेऊन विचारते, मावशी, तुम्हाला काही आजार आहे का? असेल तर सांगा, मी डॉक्टरांना दाखवते. चांगली पोरगी आहे, मनाने विचारलं. पण भाऊ, तिच्या मनात ते आलं कुठून?” त्या थांबल्या. “म्हणून म्हटलं, शेवटी उभी राहते. मागे कोणी नको बघायला.”

हे ऐकून त्याला जे वाटलं ते लाजेहून वेगळं होतं. लाज त्याची स्वतःची होती, तिच्याशी त्याला चार दिवस खेळता आलं होतं. इथे मात्र एक मुलगी उभी होती, तिला त्याने दर रविवारी, शब्दही न बोलता, काहीतरी शिकवलं होतं. त्याने आपला तो सुंदर बेत घाईघाईने बाहेर काढला, जखमेवर काहीतरी लावायला हवं म्हणून. “मावशी, तुम्ही या शेवटी. पण मी पुसणारच नाही. तुमच्यानंतर मी स्वतः पिईन, तिथूनच, सगळ्यांसमोर. लोकांना कळू दे.”

मावशी हसल्या. पहिल्यांदाच. “म्हणजे आता माझं न पुसलेलं गाजवायचं?”

“तसं नाही हो.”

“तसंच आहे. आधी माझा रुमाल निराळा, आता माझा रुमालच नाही. दोन्हीकडून मी निराळीच की. लोक बघणार, ती बघा, ती शवागारातली.” त्यांनी चष्मा डाव्या बाजूने खाली दाबला. “डॉक्टरांनंतर पुसता ना? मुख्याध्यापिकाबाईंनंतर पुसता ना? तेवढंच पुसा. त्याच बाजूने. जास्त नको, कमी नको. मला माफीबिफी पण नको, भाऊ. मला आपलं रांगेत उभं राहायचंय.”

“मग मधेच या. तुमच्या बाकाबरोबर.”

“ते मी रविवारी बघते,” मावशी उठल्या. “तुमच्या हाताचं तुम्ही बघा.”

तोही उठला. मग म्हणाला, “जरा तो चष्मा द्या.” त्यांनी काढून दिला. त्याने काडी बोटांनी दाबून, खिशातल्या बारीक पेचकसाने स्क्रू अर्धा फिरवून नीट केली, आणि चष्मा हातात परत न देता त्यांच्या नाकावर ठेवला. दोन्ही काड्या कानांमागे बसवल्या, बोटांनी चाचपून. त्यांच्या कानामागे साबणाचा वास होता आणि त्याखाली तो दुसरा वासही होता. बोटं अडखळली. त्याला ते जाणवलं, मावशींनाही जाणवलं असेल. पण त्याने काम अर्धवट सोडलं नाही. “आता बसतोय,” तो म्हणाला.

“हो,” मावशी म्हणाल्या. “आता बसतोय.”

रविवारी रांग सुरू झाली. पुढच्या बाकापासून एकेक बाक उठतो आणि मधल्या वाटेने पुढे येतो. मुख्याध्यापिकाबाई आल्या, डॉक्टर आले, चौथ्या बाकावरून बायको आली. तिने घोट घेताना त्याच्याकडे बघितलं नाही. वाक्य, घोट, रुमाल, चतकोर. वाक्य, घोट, रुमाल, चतकोर. मावशींचा बाक उठला. मावशी उठल्या नाहीत. बाकावरची माणसं त्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे आली. त्याच्या हातातला प्याला एकदम जड झाला. बरोबरच आहे, त्याला वाटलं, का यावं त्यांनी, कशाच्या भरवशावर? तीन वर्षं एक माणूस त्यांचा ओठ मागच्या बाजूला लावतो आणि गुरुवारी एक स्क्रू फिरवून मोकळा होतो. तो पुढच्या माणसाला वाक्य म्हणाला, आणि त्यातला ‘तुझ्यासाठी’ घशातच अडकला, परत म्हणावा लागला. मान वर केली तेव्हा मावशी एका हाताने पुढचा बाक धरून उभ्या राहत होत्या. गुडघा धरला होता, एवढंच. त्यांना जागा करून द्यायला ती नर्स मुलगी थांबली होती, आणि त्यांच्या मागे उभी राहिली.

मावशी समोर आल्या. त्याने वाक्य म्हटलं, पूर्ण. त्यांनी घोट घेतला. आणि त्याचा अंगठा रुमालाच्या घडीखाली शिरला. त्याने बघितलं, आपला अंगठा शिरतोय, रुमाल वळतोय. सबंध आठवडा एवढी पहारेदारी केली, आणि हात आपला निघाला ठरलेल्या वाटेने, जुन्या बैलासारखा. रुमाल अर्धा वळला होता. मावशी रुमालाकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. मागे ती मुलगी उभी होती आणि ती रुमालाकडे बघत होती. त्याने हात थांबवला. तो थांबायला वेळ लागला असेल तर क्षणाचा, पण त्याला तो पुरता मोजता आला. मग त्याने अंगठा काढून घेतला, रुमाल होता तसा केला, आणि जिथे डॉक्टरांचा, मुख्याध्यापिकाबाईंचा, त्याच्या बायकोचा डाग होता तिथेच काठावरचा थेंब टिपला. एकदाच. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, ओठ नाही, थेंब. प्याला चतकोर फिरवला. मावशी बाजूला झाल्या आणि आपल्या जागेकडे चालू लागल्या. नर्स मुलगी पुढे आली, तिने प्याला ओठाशी घेतला. तिने काही पाहिलं की नाही, कोण जाणे. तिच्यानंतरही त्याने तेवढंच पुसलं. पुढे आणखी वीसेक माणसं आली. शेवटी उरलेलं त्याने संपवलं, जो काठ समोर आला त्या काठाने. कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

दुपारी बायको मोरीपाशी बसली तेव्हा तो पुन्हा चौकटीला टेकला. तिने रुमालाची घडी उलगडली, पुढची बाजू बघितली, मग मागची. मागच्या कोपऱ्यात एक डाग होता. लहान, लांबट, पुसट. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू पडू लागला.

“हा कोणाचा?” तिने विचारलं.

त्याने उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या कडेला अजून थोडं लाल होतं. “माझा,” तो म्हणाला.

तिने अंगठा बघितला, डाग बघितला. मग सबंध रुमाल पाण्यात बुडवला, दोन्ही बाजूंनी सारखाच चोळला आणि ते पहिलं पाणी कुंडीत ओतायला त्याच्या हातात दिलं.